टॉप टेन नको, एक अल्बम सांगा आणि का ते सांगा

"ज्याची त्याची आवड" हे वाक्य ऐकलं की मला राग येतो, खरंच येतो. वाक्य खोटं नाहीये, पण ते जिथे पडतं तिथे बोलणं संपतं. नाशिकच्या कॉलेज रोडला टपरीवर पोरं बोलत असतात, एक म्हणतो पिंक फ्लॉइडच्या पुढे कोणी गेलंच नाही, दुसरी म्हणते मला टेलर स्विफ्टच लागते, तिसरा म्हणतो रॉक म्हणजे नुसता गोंगाट, बोलणं जरा रंगात येतंय तेवढ्यात कोणीतरी समजूतदारपणे म्हणणार, जाऊ द्या रे, ज्याची त्याची आवड. की लगेच विषय क्रिकेटवर. दुसरीकडे आहेत याद्यावाले. जगातले सर्वोत्तम शंभर अल्बम, हे पन्नास ऐकले नाहीत तर तुम्ही काही ऐकलंच नाही, वगैरे. माझं म्हणणं असंय की हे दोघे एकच काम करतात. माझी आवड आली कुठून, आणि त्या अल्बममध्ये नेमकं आहे काय, हे दोन्ही प्रश्न दोघंही टाळतात, आणि गाण्यांबद्दल बोलण्यासारखं तेवढंच तर असतं ना.

आधी याद्यांचं बघू. रोलिंग स्टोन मासिकाची पाचशे अल्बमची यादी सगळ्यात जास्त तोंडावर फेकली जाते. २००३ साली ती आली तेव्हा पहिला नंबर बीटल्सच्या सार्जंट पेपर या अल्बमचा. २०१२ ला सुधारली, तरी पहिला तोच. मग २०२० ला पुन्हा नव्याने मतं घेतली, तीनशेच्या वर लोकांची, आणि पहिला आला मार्विन गेचा १९७१ चा व्हॉट्स गोइंग ऑन. सार्जंट पेपर कुठे गेला? चोविसावर. लॉरिन हिलचा १९९८ चा अल्बम तीनशेच्याही मागे होता तो एकदम दहावा. आता या मधल्या वर्षांत सार्जंट पेपरची टेप काही खराब झाली नव्हती आणि लॉरिन हिलने परत जाऊन काही सुधारून गायलं नव्हतं. मत देणारी माणसं बदलली, तरुण आली, काळी आली, बायका जास्त आल्या, एवढंच. याच मासिकात १९६९ साली लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमला चांगलं झोडपलं होतं आणि २००३ च्या यादीत तोच अल्बम पहिल्या तीसात. म्हणजे नंबर वाचताना अल्बमपेक्षा मत देणाऱ्यांबद्दल जास्त कळतं. हे एकदा ध्यानात ठेवलं की यादी वाचायला मजा येते, नाहीतर ती नुसती धाक घालते.

आता हेच आपल्या नाशिकला लावून बघा. नव्वदीच्या सुरुवातीला इथे इंग्लिश गाणी ऐकणाऱ्यांची आवड कशी ठरायची? दुकानात काय यायचं त्यावर. ओरिजिनल इंग्लिश कॅसेट हिंदीपेक्षा बरीच महाग, त्यामुळे बहुतेकजण कॅसेट भरून घ्यायचे. एमजी रोडला नाहीतर मेन रोडला दुकानात वहीमध्ये यादी असायची, कोरी नव्वद मिनिटांची कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी घ्यायला जायचं. नाहीतर पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला अपडाऊन करणारा कोणाचा तरी दादा, कोणाचे तरी काका, ते काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून काहीतरी आणणार आणि ते एका कॉलनीभर फिरणार. यातून आलं काय, तर बोनी एम, आबा, मायकल जॅक्सन, ब्रायन अॅडम्स, डायर स्ट्रेट्स, गन्स अँड रोझेस, पिंक फ्लॉइड. मार्विन गे आला नाही. जोनी मिचेल आली नाही. मग आज पन्नाशीच्या आसपासचा नाशिककर आवडते अल्बम सांगायला बसला की तीच सात-आठ नावं येतात, आणि तो मनापासून म्हणतो की त्या काळात हेच श्रेष्ठ होतं. त्याचं प्रेम शंभर टक्के खरं आहे. पण ते प्रेम त्या वहीतल्या यादीच्या बाहेर कधी गेलेलंच नाही, आणि हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

नव्वद मिनिटांच्या कॅसेटबद्दल एक सांगते, कारण आवड किती बारीक गोष्टींनी घडते ते त्यात दिसतं. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. मायकल जॅक्सनचा थ्रिलर बेचाळीस मिनिटांचा, पिंक फ्लॉइडचा डार्क साईड ऑफ द मून त्रेचाळीसच्या आत, म्हणजे एका कॅसेटमध्ये दोन अल्बम बसायचे आणि ते दोन मग डोक्यात कायमचे चिकटायचे. हे माप आलं कुठून, तर १९४८ साली कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी काढली, तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं चांगली मावायची, म्हणून अल्बम म्हणजे चाळीसेक मिनिटं असा रिवाजच पडला. पण गन्स अँड रोझेसचा १९८७ चा अपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन त्रेपन्न मिनिटांच्या वर आहे, तो एका बाजूवर बसायचाच नाही. टेप संपली की गाणं मध्येच कट. आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांच्या लेखी तो अल्बम शेवटच्या रॉकेट क्वीनशिवायच होता, आणि त्या गाण्याचा शेवटचा अर्धा भाग, जिथे सगळा आक्रस्ताळेपणा उतरतो आणि एकदम हळवी चाल येते, तो ऐकल्याशिवाय त्या अल्बमबद्दल मत बनवणं मला अन्यायाचं वाटतं. एखादा म्हणतो हा अल्बम नुसता दांडगाईचा आहे. अरे, तुझ्या कॅसेटवर तो तसाच होता.

पण नुसतं काय मिळालं एवढ्यावर सगळं भागत नाही. एकाच घरात, एकाच टेपरेकॉर्डरवर एकच अल्बम ऐकून दोन माणसं दोन गोष्टी ऐकतात. माझी आत्या नाट्यसंगीत शिकलेली, पेटी छान वाजवायची. डार्क साईडच्या पहिल्या बाजूच्या शेवटी क्लेअर टॉरी नावाची बाई शब्दांशिवाय गाते, बँडमधल्या रिक राइटच्या पियानोवर. तिला शब्दही दिले नव्हते आणि चालही नाही, गाण्याचा विषय मरण आहे एवढं सांगितलं, तिने दोन-तीनदा गायलं, तीस पौंड घेतले आणि घरी गेली. कितीतरी वर्षांनी कोर्टात गेल्यावर, २००५ मध्ये, त्या गाण्यावर रचनाकार म्हणूनही तिचं नाव लागलं. तर आत्याने ते पूर्ण ऐकलं, डोळे मिटून, आणि म्हणाली, "गळा फार सुंदर आहे गं, पण ही घरी कुठे येते?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, आता देता येतं. आत्याच्या कानात तानपुरा लागलेला आहे. तिचा सा हलत नाही, गाणारा कितीही लांब गेला तरी परत येण्याची जागा ठरलेली. इथे पियानोचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे जोड, बदलतात तशी खालची जमीनच सरकते, मघाशी जो स्वर घरचा वाटला तोच पुढच्या कॉर्डवर परका होतो, आणि वेस्टर्न कानाला नेमकी त्यातच हुरहुर वाटते. आत्याला सौंदर्य कळत नव्हतं असं कोणी म्हणेल तर मी भांडेन. तिचा कान वेगळी गोष्ट शोधत होता.

आणि कान घडतो हे काही माझं नुसतं वाटणं नाही. बोलिव्हियाच्या जंगलात राहणाऱ्या त्सिमाने लोकांवरचा एक अभ्यास २०१६ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आला होता. आपल्याला गोड लागणारे स्वरांचे जोड आणि कर्कश लागणारे जोड, दोन्ही त्यांना ऐकवले, तर त्यांना दोन्ही सारखेच बरे वाटले. म्हणजे जे आपण निसर्गाचं म्हणून धरून चालतो तेही बरंचसं सवयीचं. रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने तर १९६८ मध्येच दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती जास्त आवडायला लागते. मग चौदा ते वीस-बावीस या वयात, जेव्हा एकच कॅसेट आपण महिनोन्महिने ऐकतो, प्रेमात पडतो, नापास होतो, तेव्हा जे कानावर पडलं ते जन्मभर सर्वश्रेष्ठ वाटणारच ना.

याची चांगली बाजू कोणी बोलत नाही ती म्हणजे घडलेला कान कधीकधी आपल्याला भलत्याच ठिकाणी आत घेऊन जातो. नाशिक ढोल घ्या. गणपतीच्या मिरवणुकीत भद्रकालीच्या, जुन्या नाशकातल्या गल्लीत जो उभा राहिलाय त्याला माहितीये की ढोल मोकळ्या मैदानात वेगळा आणि दोन्हीकडून भिंती असल्या की वेगळा. गल्लीत तो घुमतो, आवाज भिंतीवरून परत येतो आणि ठेक्यात जड होऊन मिसळतो, छातीत बसतो. आता लेड झेपलिनचा १९७१ चा चौथा अल्बम, त्याचं शेवटचं गाणं. तिथे जॉन बोनमचे ड्रम एका जुन्या मोठ्या घराच्या प्रवेशाच्या उंच हॉलमध्ये, जिन्याच्या तळाशी ठेवले होते आणि माइक वर जिन्यावरून लटकवले होते. जो आवाज रेकॉर्ड झाला त्यात ड्रमपेक्षा ते घर जास्त आहे. ढोल पथकात वाजवणाऱ्या, इंग्लिश गाण्यांचा काही संबंध नसलेल्या पोराला मी ते ऐकवलं, तर पहिल्या दोन मात्रांतच तो म्हणाला, "हे बंद जागेत वाजवलंय, पण उंच आहे जागा." समीक्षकांनी याच ड्रमवर पानंच्या पानं लिहिलीयेत. या पोराला ते नाशिकच्या गल्लीने शिकवलं होतं. असं बोलायला लागलो तर ज्याची त्याची आवड म्हणून गप्प बसायची गरज कुठे उरते?

शब्दांचं मात्र अवघड आहे. आपल्याकडे पिंक फ्लॉइड आणि डायर स्ट्रेट्स एवढे का मुरले आणि बॉब डिलन का नाही, यावर मी बराच विचार केलाय. गिटारचा सोलो थेट पोचतो, त्याला व्हिसा लागत नाही. डिलनचा ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड ऐकायचा तर तो नाकातला उच्चार, ती अमेरिकन बोली, एकात एक अडकलेल्या प्रतिमा, हे सगळं कॅसेट रिवाइंड करून करून कोण पकडणार, तेही मराठी मीडियमच्या पोरांनी. भावगीतावर वाढलेले आपण शब्दांवर किती जीव टाकतो, तरी इंग्लिश अल्बममध्ये नेमके शब्दच हातातून सुटायचे आणि आपण चाल आणि वाद्य यांच्यावर प्रेम करत राहिलो. आजच्या मुलांचं उलट आहे. फोनवर गाणं वाजतंय आणि ओळी खाली सरकतायत. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, २०१९ मध्ये स्पॉटिफाय आलं, आणि नाशिकरोडची मुलगी आज लॉरिन हिलचा रॅप ओळीओळीने समजून ऐकते. एकाच शहरात दोन पिढ्या, आणि त्या दोन वेगवेगळ्या कानांनी ऐकतात. म्हणून बापाला पोरीचं संगीत सपाट वाटतं आणि पोरीला बापाचा आठ मिनिटांचा सोलो कंटाळवाणा. दोघांनी एकमेकांना विचारलं पाहिजे, तू ऐकतोस काय यात? विचारत नाहीत.

मग सगळं सवयीचंच असेल तर चांगलं-वाईट असं काही नाहीच का? इथे मी ठामपणे नाही म्हणते. २००६ साली सायन्स या नियतकालिकात आलेला एक प्रयोग मला यासाठी फार मोलाचा वाटतो. कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी चौदा हजारांवर लोकांना अनोळखी बँड्सची ४८ गाणी ऐकायला दिली, आवडलं तर डाऊनलोड करा म्हणाले. काही लोकांना दुसऱ्यांनी काय डाऊनलोड केलंय ते दिसत नव्हतं. बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले आणि प्रत्येकाला फक्त आपल्या गटाचे आकडे दिसत होते. झालं काय, तर आकडे दिसले की पुढे असलेलं गाणं आणखी पुढे पळालं, आणि प्रत्येक गटात हिट झालेली गाणी वेगवेगळी. पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, जी गाणी आकडे न बघता ऐकणाऱ्यांना सगळ्यात चांगली वाटली ती कुठल्याच गटात सहसा तळाला गेली नाहीत, आणि सगळ्यात वाईट वाटलेली सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. म्हणजे गुणवत्ता असते. ती गाण्याला एका पट्ट्यात ठेवते, पण त्या पट्ट्यात तिसरा की तेरावा की तिसावा हे बऱ्यापैकी गर्दी ठरवते. मग तिसरा की तेरावा यावर डोकी फोडण्यात काय अर्थ आहे? वाद घालायचाच तर गुणाबद्दल घाला.

आणि गुण म्हटलं की बोट ठेवून दाखवावा लागतो. आबाचं उदाहरण घेते, कारण त्यांना हसणारे रॉकवाले मला नेहमी भेटतात, की पॉप म्हणजे कारखान्यातला माल, रॉक म्हणजे खरं. आबाचा १९७६ चा अरायव्हल लावा आणि फक्त दोघी बायकांचे आवाज ऐका. अॅग्नेथा आणि फ्रिडा गातात, मग त्यावर परत गातात, परत गातात, आणि इंजिनियर मायकल ट्रेटो टेपची स्पीड किंचित हलवायचा, त्यामुळे थरांमध्ये एक बारीकसा फरक राहतो आणि तो आवाज चमकतो, एखाद्या पैठणीचा धूपछाव रंग हलवल्यावर दिसतो तसा. हे कारागिरीचं काम आहे, यात गिटार तोडणाऱ्यापेक्षा कमी खरेपणा कुठाय? हां, तुम्ही म्हणालात की अरायव्हलमध्ये काही गाणी भरतीची आहेत तर मी ऐकेन, त्यावर बोलता येतं. पॉप आहे म्हणून खालचं, यावर काय बोलणार.

याच्याही पुढचा प्रकार मला सगळ्यात जास्त सलतो. मुलीने निर्वाणा या बँडचा टी-शर्ट घातला की तिला थांबवून विचारणार, त्यांच्या नेव्हरमाइंड अल्बममधली पाच गाणी सांग. मुलाला विचारत नाहीत कोणी. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले डी. वाय. पाटील स्टेडियमला आले तेव्हा नाशिकहून कसारा घाट उतरून किती पोरं-पोरी गेली, आणि परत आल्यावर त्यांना काय ऐकावं लागलं, तर तुम्हाला दोनच गाणी माहितीयेत, तुम्ही फोटोसाठी गेलात. दोन गाण्यांवर जीव जडणं हा गुन्हा आहे का? आपल्यातले किती लोक भीमसेनांच्या गायकीची पारख करून मग अभंगाला बसले होते? दारातच परीक्षा घेतली तर आत येणार कोण, आणि मग हेच लोक रडणार की नाशिकमध्ये चांगलं ऐकणारे उरले नाहीत. तसंच दुसऱ्या बाजूचे, आपलं सोडून त्यांचं कशाला म्हणणारे. ज्या पेटीवर आपलं अख्खं नाट्यसंगीत उभं राहिलं ती पेटी युरोपातून आलेली आहे. ऐकून, घासून, आपण ती आपली केली.

माझं विचाराल तर बीटल्सचा सार्जंट पेपर चोविसाव्यावर गेला याचं मला दुःख नाही, रिव्हॉल्व्हर मला त्याच्यापेक्षा वरचढच वाटतो, आणि कारण सांगते. १९६६ चा हा अल्बम, त्याच्या शेवटच्या गाण्यात खाली तंबोरा धरलेला आहे आणि गाणं जवळजवळ एकाच कॉर्डवर बसून राहतं, वर टेपचे तुकडे उलटेसुलटे फिरतात, ड्रम एकच ठेका धरून. सगळं वेडंवाकडं होत असताना सा जागेवर. सार्जंट पेपरमध्ये सजावट फार झालीये असं मला वाटतं, बँडबाजा, प्रेक्षकांचा आवाज, ते सगळं काढलं तर मधली दोन-तीन गाणी पातळ आहेत. आता यात माझा तानपुऱ्याचा कान बोलतोय हे मला माहितीये, आणि तरीही सजावटीबद्दलचं माझं म्हणणं कुठल्याही कानाने तपासून बघता येईल असं आहे. माझी अपेक्षा एवढीच आहे, आवड कुठून आली ते ओळखा, आणि मग तिच्या बाजूने तपासता येईल असं काहीतरी बोला. जोनी मिचेलचा १९७१ चा ब्लू मी फार उशिरा ऐकला, चाळिशीत, त्याच्यामागे कॉलेजची कुठलीच आठवण नाही, तरी तो माझ्या पहिल्या पाचात आहे, कारण गिटारच्या, डल्सिमर नावाच्या तंतुवाद्याच्या तारा तिने स्वतःच्या पद्धतीने लावल्यात आणि आवाजाला आसरा द्यायला बाकी जवळपास काही ठेवलेलंच नाही, कच्चा सूर सुद्धा लपत नाही. सगळंच तरुणपणाच्या आठवणींवर ढकलणाऱ्यांनी अशा अल्बमचं काय करायचं ते सांगावं.

नाशिकमध्ये सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, वाचनाचे कट्टे आहेत, गोदाकाठी मे महिन्यात व्याख्यानमाला होते, लोक पुस्तकावर तास-तास बोलतात आणि भांडतातही. अल्बमवर तसं का होऊ नये? चाळीस मिनिटं सगळ्यांनी मिळून एक अल्बम सलग ऐकायचा, गाणी मागे-पुढे न करता, आणि ज्याने आणलाय त्याने दहा मिनिटं का ते सांगायचं. टॉप टेन विचारायचं नाही. कोणी काय ऐकत मोठं झालं ते आधी सांगायचं, म्हणजे पुढचं भांडण नीट होतं.

घरात आमचं हे चालूच असतं. भाची टेलर स्विफ्टचा फोकलोअर घेऊन बसते, २०२० च्या लॉकडाऊनमधला. माझं म्हणणं, तासाभराच्या वर आहे, बऱ्याच गाण्यांची चाल एकाच गतीची, मधली तीन काढली असती तर अल्बम घट्ट झाला असता. ती म्हणते, "मावशी, तू चालच ऐकतेस. तीन गाणी एकाच गोष्टीची आहेत, तिघांच्या तोंडून, ते शब्दांशिवाय कळणारच नाही." मी ओळी समोर ठेवून परत ऐकला. गोष्टीचं तिचं म्हणणं पटलं, ऑगस्ट हे त्यातलं गाणं मी काढायला सांगत होते ते आता नाही सांगत. बाकीच्या दोन गाण्यांबद्दल माझं मत आहे तेच आहे, आणि ती अजून वाद घालतेय.